घरी सोडल्यानंतर

दवाखान्यातून घरी सोडताना हातात जे कार्ड देतात, त्यावर पुढचं सगळं लिहिलेलं असतं. तिखट-तेलकट आठ दिवस बंद. पाणी भरपूर. ही गोळी सकाळी, ती रात्री, पंधरा दिवसांनी दाखवायला या. माझ्याही कार्डावर एवढंच होतं. जीव द्यायला निघालेली बाई वाचली आणि घरी आली, तर तिनं पहिल्या रात्री काय करायचं, नवऱ्याच्या डोळ्यांत कसं बघायचं, शेजारच्या काकू डबा घेऊन आल्या की त्यांना काय सांगायचं, हे तिथं लिहिलेलं नव्हतं. आता काही वर्षं झाली. तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं जे जे वाटतं, ते आज लिहायला बसले आहे.

मी काय केलं, कशानं केलं, ते इथं लिहिणार नाही. ज्याचं मन आधीच काठावर आहे त्याला असला तपशील ओढून नेतो, हे मला माझ्याच मनावरून माहीत आहे. प्रेस कौन्सिलनं २०१९ मध्ये वर्तमानपत्रांना याबद्दल सूचना दिल्या होत्या: पद्धतीचं वर्णन करू नका, जागेचा तपशील देऊ नका, फोटो छापू नका. तरी आमच्याकडच्या जिल्हा पानांवर अजून सगळं साग्रसंगीत येतं. सकाळी चहाबरोबर ते वाचणाऱ्यांत कुणीतरी माझ्यासारखंही असतं, हे छापणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

आणि का केलं? लोकांना एक कारण लागतं. कर्ज, सासू, नवरा, परीक्षा, काहीही चालतं, पण एकच पाहिजे, म्हणजे गोष्ट मिटते. माझ्याकडं तसं एक कारण नाही. झोप गेली होती, वर्षभर गेली होती. पतसंस्थेत हिशेबाचं काम, मार्च एंड, घरातलं एक आजारपण, त्याआधी एक पोटातलं मूल गेलेलं, आणि या सगळ्याच्या खाली नैराश्य, ज्याला आम्ही घरात ‘अशक्तपणा’ म्हणत होतो. त्यातलं एकेक घेतलं तर कुणीही म्हणेल, एवढ्यासाठी? एवढ्यासाठी नव्हतंच ते. त्या काळात माझ्या डोक्याला दुसरी वाटच दिसत नव्हती. दिसत नव्हती म्हणजे खरोखरच दिसत नव्हती. मी असेन तर घरच्यांना ओझं, नसेन तर ते सुटतील, असं मला गणितासारखं पक्कं वाटत होतं. आज ते गणित किती खोटं होतं ते कळतं. तेव्हा त्यात एकही चूक सापडत नव्हती.

शुद्धीवर आल्यावर माझ्याशी पहिलं लांबलचक बोललेला माणूस म्हणजे जबाब घ्यायला आलेला हवालदार. दवाखान्यात अशी केस आली की ती एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवावी लागणारी ‘मेडिको-लीगल केस’, म्हणून नोंदवतात आणि पोलिसांना कळवतात, हे मला तोवर माहीतही नव्हतं. चाळिशीचा माणूस, हातात कार्बन लावलेले कागद. लग्न कधी झालं, मुलं किती, सासरी काही त्रास आहे का, कुणावर संशय आहे का. मी ‘नाही’ म्हणत गेले, तो लिहीत गेला. शेवटी त्यानं वाचून दाखवलं. ‘माझी कोणाविरुद्ध काहीएक तक्रार नाही. सदरचा जबाब मला वाचून दाखवला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर व खरा आहे.’ त्या कागदातली बाई कुणीतरी वेगळीच वाटत होती. सही करताना सलाईनच्या हातानं पेन धरता येईना, तर त्यानं पॅडखाली आपला हात धरला. जाताना विचारलं, ताई, पंखा वाढवू का?

हे मुद्दाम सांगते, कारण अशा वेळी पोलीस भेटणं म्हणजे पोटात गोळा येणं. माझ्या आईला तर मला बेड्याच घालणार असं वाटलं होतं. तिचंही चूक नव्हतं. दंड संहितेत १८६० पासून कलम ३०९ होतं: आत्महत्येचा प्रयत्न केला तर एक वर्षापर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. मरायला निघालेल्या माणसाला वाचवायचं आणि मग वाचला म्हणून शिक्षा करायची. बरी झाल्यावर मी याबद्दल जेवढं मिळेल तेवढं वाचलं. मुंबई उच्च न्यायालयानं १९८६ मध्येच हे कलम घटनाबाह्य ठरवलं होतं. खटला मुंबई पोलिसांतल्याच एका शिपायाचा होता, अपघातानंतर त्याचं मानसिक आरोग्य ढासळलं होतं. न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि न्यायमूर्ती बी. जी. कोळसे-पाटील यांच्या खंडपीठानं म्हटलं की अशा माणसाला उपचारांची गरज असते, कोठडीत टाकलं तर त्याची अवस्था आणखी बिघडेल. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयही तेच बोललं, आणि १९९६ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ते फिरवून कलम पुन्हा वैध ठरवलं. शेवटी मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ आला आणि २०१८ च्या मे महिन्यापासून लागू झाला. त्याचं कलम ११५ मी अनेकदा वाचलं आहे. प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच, उलट सिद्ध होईपर्यंत, धरून चालायचं; त्याच्यावर खटला चालवायचा नाही; आणि त्याची काळजी, उपचार, पुनर्वसन हे सरकारचं कर्तव्य. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात ३०९ सारखं कलम उरलेलं नाही. सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी असा प्रयत्न केला तर त्याला कलम २२६ आहे, तेवढं ठेवलंय.

कायद्याची भाषा वाचून डोळ्यांत पाणी येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. पण तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायचं, हे वाक्य माझ्या नात्यागोत्यातलं कुणी तोवर म्हटलं नव्हतं. घरातल्यांच्याही आधी ते कायदा म्हणाला.

घरात ठरलं ते टायफॉईड. मला कुणी विचारलं नाही. मी परत यायच्या आत सगळ्यांना तेच सांगून झालं होतं. यामागं वाईट काही नव्हतं. मुलीच्या शाळेत, नवऱ्याच्या ऑफिसात, गल्लीत तोंड दाखवायचं होतं त्यांना, आणि मलाही. त्यामुळं जो येई तो टायफॉईडबद्दल बोले. ताप पुन्हा उलटतो, जपा. नाचणीचं सत्त्व घ्या. बाहेरचं पाणी पिऊ नका. मी मान डोलवत राही. अशी खोटी आजारपणं पुष्कळ घरांत असतील. आपल्या देशात २०२२ साली १ लाख ७० हजार ९२४ माणसं आत्महत्येनं गेल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात आहे, आणि त्यात सगळ्यांत जास्त, २२ हजार ७४६, आपल्या महाराष्ट्रातली. जी वाचली त्यांचा आकडा त्यात येत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की एका मृत्यूमागं प्रयत्न करून वाचलेली कितीतरी अधिक माणसं असतात. म्हणजे या राज्यात दरवर्षी काही लाख माणसं तरी अशा टायफॉईडमधून उठत असणार. कुणी गावात, कुणी फ्लॅटमध्ये, कुणी होस्टेलवर. त्यातली एकही मला तेव्हा भेटली नाही. भेटली असेल तर तिनंही कावीळ सांगितली असेल.

घरी पहारा सुरू झाला. आई माहेराहून येऊन राहिली. नवरा खोलीच्या दाराशी गादी टाकून झोपायला लागला. बाथरूमची आतली कडी त्यानं दुसऱ्याच दिवशी काढून टाकली. लाकडात चार भोकं राहिली, दार नुसतं लोटून घ्यायचं आणि आईनं बाहेरून दर दोन मिनिटांनी हाक मारायची, ‘झालं का गं?’ मला त्यांचा राग येत नव्हता. त्यांनी जे बघितलं होतं ते मी बघितलं नव्हतं. दवाखान्यात नेताना मी शुद्धीत नव्हते. ती रात्र सगळी त्यांच्या वाट्याला आली होती. माझ्या नवऱ्याला पुढं वर्षभर रात्री फोन वाजला की छातीत धडधडायचं. वाचलेल्या माणसाची शुश्रूषा होते, वाचवणाऱ्याची कुणी करत नाही. त्याच्या ऑफिसात त्याला कुणी ‘तू कसा आहेस’ असं विचारलं नाही, कारण बायकोच्या टायफॉईडनंतर नवऱ्याला असं कोण विचारतं?

पण पहारा एवढा आणि बोलणं मात्र काहीच नाही. चमचा पडला तरी सगळे दचकायचे, आणि ‘त्या’ दिवसाचं नावही निघायचं नाही. टीव्हीवर तसली बातमी आली की कुणीतरी घाईनं चॅनल बदले. माझ्यासमोर वाद नाही, माझ्यासमोर पैशांचं नाही, भाजीत मीठ जास्त झालं तरी कुणी बोललं नाही. एवढ्या जपणुकीत मला घरात पाहुणी आल्यासारखं वाटत होतं.

ते फोडलं आत्यानं. आत्या तासगावची, वडिलांची थोरली बहीण, द्राक्षबागेत आयुष्य गेलेलं. घरच्यासाठी ठेवलेले बेदाणे घेऊन आली होती, काड्या न काढलेले. दुपारी ताट घेऊन माझ्या कॉटवरच बसली. मूठभर माझ्यापुढं टाकले, मूठभर स्वतःपुढं. बेदाण्याची काडी नखानं मागं दाबून काढावी लागते, जोरात ओढली तर कातडं फाटतं. बराच वेळ आम्ही तेच केलं. आई स्वयंपाकघरात गेल्यावर ती मान वर न करता म्हणाली, ‘आत्ता बी येतं का गं मनात? मरावंसं?’

इतकं सरळ मला तोवर कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं होतं, पण ते डॉक्टर. मी म्हटलं, ‘येतं. रोज येतं असं नाही. संध्याकाळी येतं.’

‘आज आलं?’

‘अजून नाही.’

‘आलं तर मला सांगशील? मी हाय चार दिवस.’

एवढंच. ती रडली नाही, शपथ घातली नाही, पोरीचं तोंड बघ म्हणाली नाही. संध्याकाळी सहाच्या सुमाराला माझ्याशेजारी येऊन बसली आणि भुवया उंचावल्या. मी मान हलवली, म्हणजे हो. मग आम्ही दोघी गच्चीवरची वाळवणं आवरायला गेलो, खाली आलो, तिनं मला कणीक मळायला लावली. साडेसातपर्यंत ते मनातून गेलं होतं. गेलं हे मला कळलंच नाही, तिनं विचारलं तेव्हा लक्षात आलं.

पुष्कळ लोकांना भीती वाटते की थेट विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घालू आपण. मानसोपचार क्षेत्रात यावर भरपूर अभ्यास झाला आहे आणि निष्कर्ष हाच की विचारण्यानं धोका वाढत नाही. उलट माणूस मोकळा होतो. माझ्या बाबतीत तर मी पैजेवर सांगेन. ज्या क्षणी आत्यानं ‘मरावंसं’ हा शब्द बेदाण्याच्या ताटावर ठेवला, त्या क्षणी माझ्या एकटीच्या डोक्यातलं ते दोघींत वाटलं गेलं.

आणि दुसरी गोष्ट, जी त्या संध्याकाळी अनुभवली आणि नंतर डॉक्टर मॅडमनी समजावली. तो जो टोकाचा झटका असतो तो कायमचा नसतो. चढतो आणि उतरतो. त्या वेळात माणूस एकटा नसेल आणि हाताशी काही धोक्याचं नसेल, तर तो त्यातून पार होतो. म्हणूनच घरातल्या काही वस्तू हलवणं, गोळ्या एका वेळी आठवड्यापुरत्याच आणणं, याला अर्थ आहे. पहाऱ्याचा मला जाच झाला असं वर लिहिलं तरी या भागाबद्दल माझी तक्रार नाही. घरी सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे आणि महिने सगळ्यांत नाजूक असतात. आपल्याकडं नेमकं तेव्हाच म्हणतात, सुटलो बाई एकदाचं, आता विषय नको.

मॅडमकडं मी सुरुवातीला नवऱ्याच्या समाधानासाठी जात होते. गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं, दुपारभर डोळे मिटायचे, आणि बरं मात्र काहीच वाटत नव्हतं. या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागू शकतात, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं म्हणून मी टिकले. नाहीतर दहाव्या दिवशी सोडल्या असत्या. तिसऱ्या की चौथ्या भेटीत त्यांनी एक रेघांचं पान माझ्यापुढं ठेवलं. त्रास वाढायला लागला की सगळ्यांत आधी काय होतं ते लिहा. मग एकटीनं काय करता येईल, मग कुणाकडं जाता येईल, मग कुणाला फोन करायचा, मग मला.

मी सांगलीची. आमच्याकडं पावसाळ्यात लहान पोरालाही विचारा, आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी किती. चाळीस फूट इशारा पातळी, पंचेचाळीस धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सत्तावन्न फुटांवर गेली तेव्हा आमच्या गल्लीत होड्या चालल्या होत्या. तेव्हापासून चाळीसच्या आत असतानाच माणसं फ्रीज माळ्यावर चढवतात, कोयनेतून किती क्युसेक सोडलं ते बघतात, नातेवाइकांकडं निरोप जातो. पंचेचाळीसची वाट कुणी बघत नाही. मॅडमचं पान हातात घेतल्यावर मला एकदम तेच सुचलं. माझा चाळीस फूट कुठला, ते शोधायचं होतं. पहाटे तीनला जाग येणं सलग तीन दिवस. केसांना तेल लावायचं जिवावर येणं. मैत्रिणीचा फोन वाजताना नुसतं बघत राहणं. आणि सगळ्यांत पक्की खूण म्हणजे आपल्यावाचून या लोकांचं छान चालेल असं शांतपणे वाटणं. हे मी लिहिलं. नवऱ्यानं त्याच्या बाजूनं एक भर घातली: ‘ही गप्प होऊन कपाटं आवरायला लागते.’ मला हे माहीतच नव्हतं. ते पान अजून माझ्या पासबुकाच्या कव्हरमध्ये आहे. दोनदा नवीन करून लिहिलं, कारण माणसं बदलली, नंबर बदलले. त्यात आता १४४१६ हा टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे. केंद्र सरकारनं ही सेवा २०२२ च्या १० ऑक्टोबरला, मानसिक आरोग्य दिनी सुरू केली. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. एका रात्री मी तो लावलेला आहे.

कडी परत बसली ती मॅडमच्याच खोलीत झालेल्या बोलण्यावरून. त्यांनी नवऱ्याला विचारलं, पहारा कुठून कमी करता येईल? तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, बाथरूम. त्या रविवारी तो स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसला. जुनी भोकं मोठी झाली होती, स्क्रू धरेनात. मग काडेपेटीतल्या काड्या गुल तोडून भोकांत ठोकल्या आणि त्यावर स्क्रू आवळले. दार लावून, कडी घालून, दोनदा ओढून बघितलं. मग मला म्हणाला, ‘बघ, नीट लागते का.’ मी आत गेले आणि कडी लावली. बाहेर कुणी हाक मारली नाही. तो तिथंच उभा होता हे मला कळत होतं, दाराखालून त्याची पावलं दिसत होती. पण त्यानं हाक मारली नाही. आमच्या लग्नात त्यानं मला दिलेल्या गोष्टींत ही मी फार वर धरते.

आता पुनर्जन्माबद्दल. जो भेटे तो, म्हणजे ज्यांना खरं माहीत होतं त्यांतला जो भेटे तो, मला सांगे की हा तुझा दुसरा जन्म आहे. देवानं राखलं, त्याला तुझ्याकडून काही करून घ्यायचं असेल. सासूबाईंनी नवस बोलला होता, तो फेडायला औदुंबरला गेलो. दत्ताच्या पायांशी त्या घळाघळा रडल्या आणि मला म्हणाल्या, ‘आता सगळं नवीन समज.’ मला त्यांचं प्रेम कळत होतं. पण आत काहीच नवीन नव्हतं. तेच डोकं, तीच कोरडी जीभ, तेच पहाटेचे तीन. जगले याचा आनंद झाला नव्हता, आणि आनंद झाला नाही याची लाज वाटत होती, ते दुसरं ओझं. मी हे मॅडमना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, आनंद व्हायलाच पाहिजे असं काही नाही, या आठवड्यात गोळ्या घ्या आणि झोपा.

या वाक्यानं मला जेवढा धीर दिला तेवढा कुठल्या प्रवचनानं दिला नसता. जे कुणी अशातून वाचून आज हे वाचत असतील त्यांना मला एवढंच सांगायचंय की तुम्हाला अजून कृतज्ञ वाटत नसेल तर त्यात तुमचं काही बिघडलेलं नाही. साक्षात्कार होत नाही सगळ्यांना. मला तर झालाच नाही. जे झालं ते असं की एका दुपारी एकदम भडंग खावंसं वाटलं. कुणी वाढलं म्हणून खायचं अशी तोवरची रीत होती. त्या दिवशी मला स्वतःला काहीतरी पाहिजे होतं: भरपूर लसूण, वर कच्चा कांदा, आणि जयसिंगपूरचंच. मुलीला पैसे देऊन कोपऱ्यावर पाठवलं. आईनं ते बघितलं आणि आत जाऊन पदराला डोळे पुसले. तिला माझ्याआधी कळलं होतं.

प्रयत्न करून वाचलेल्यांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणारे अभ्यास जगभर झालेत आणि त्यांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे की दहांतली नऊ माणसं पुढं आत्महत्येनं मरत नाहीत. जगतात, म्हातारी होतात, इतरांसारखी कशानंतरी जातात. धोका इतरांपेक्षा जास्त असतो हे खरं, म्हणून तर पान आणि गोळ्या आणि भेटी. पण ‘एकदा केलं ते पुन्हा करणारच’ असं जे आपल्याकडं कुजबुजतात, ते बहुतेकांच्या बाबतीत खोटं आहे. मी कामावर परत गेल्यावर मला कॅशवरून काढून जुन्या फायलींवर बसवलं, तेव्हा हा आकडा मला ठाऊक असायला हवा होता. साहेबांना टायफॉईडची गोष्ट पटली नव्हती, एवढंच त्यातून कळलं.

मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. तिला आम्ही आई आजारी आहे एवढंच सांगितलं, ते खोटंही नव्हतं. तेरा वर्षांची झाल्यावर तिनं स्वतःच विचारलं, कुठूनतरी कानावर आलं असणार. मी सांगितलं. पद्धत सोडून सगळं. तिनं दोनच प्रश्न विचारले: माझ्यामुळं का? आणि, परत करशील का? पहिल्याला मी एका शब्दात उत्तर दिलं. दुसऱ्यासाठी पासबुकातलं पान काढून तिला वाचायला दिलं. तिनं पूर्ण वाचलं आणि म्हणाली, यात माझं नाव का नाही? आम्ही त्यावर बोललो. राखण करायचं काम लेकराचं नव्हे हे तिला पटवायला मला बराच वेळ लागला.

वाचता वाचता एक अभ्यास सापडला तो चेन्नईचा. म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेनं तो पाच देशांत केला होता, ब्राझील, श्रीलंका, इराण, चीन आणि आपल्याकडं चेन्नई. निष्कर्ष २००८ मध्ये छापून आले. प्रयत्न करून दवाखान्यात आलेली १,८६७ माणसं. निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले. उरलेल्यांशी घरी सोडताना तासभर नीट बोलले आणि नंतर दीड वर्षात नऊ वेळा कुणीतरी फोन केला किंवा घरी गेलं. कसं चाललंय, काही मदत हवी का, एवढंच. दीड वर्षानं पाहिलं तर नेहमीच्या उपचारांच्या गटात आत्महत्येनं गेलेल्यांचं प्रमाण २.२ टक्के होतं आणि या गटात ०.२ टक्के. त्याही आधी अमेरिकेत जेरोम मोटो नावाच्या डॉक्टरनं असंच पत्रांनी करून पाहिलं होतं. पुढचे उपचार नाकारून घरी गेलेल्यांना पाच वर्षं चार-दोन ओळींची साधी पत्रं पाठवायची, ज्यांत काही मागायचं नाही, काही बजावायचं नाही. पत्रं मिळालेल्यांत पहिली दोन वर्षं मृत्यू कमी झाले.

हे वाचल्यावर मला माझ्या आत्याचा फोन समजला. चार दिवस राहून ती गेली ती तशीच गेली नाही. दर सोमवारी नऊच्या पुढं फोन. बागेला औषध मारलं, छाटणी झाली, अवकाळी आला, बेदाण्याला दर नाही, आणि मधेच कुठंतरी, ‘आणि तुझं? येतं का मनात?’ मी खरं सांगायचं. ती ऐकायची आणि परत छाटणीवर जायची. ती वारेपर्यंत हा फोन चुकला नाही. शाळेची चौथीसुद्धा न झालेली बाई होती. तिला चेन्नईची माहिती कुठून असणार?

गेल्या वर्षापासून मॅडमच्या सांगण्यावरून मी एका मुलीला फोन करते. तिचं गाव, वय काही लिहीत नाही. नुकतीच घरी सोडलेली आहे. मी समुपदेशक नाही, हे तिला पहिल्याच दिवशी सांगितलं आणि तिचे उपचार मॅडमकडं चालू आहेत. तिच्या घरी कावीळ सांगितली आहे. पहिल्या फोनला ती ‘हो’ आणि ‘बरं’ यापलीकडं बोलली नाही. दुसऱ्याला विचारलं, ‘तुम्हाला नंतर आनंद झाला का वाचल्याचा?’ मी म्हटलं, लगेच नाही, खूप दिवस नाही. पलीकडून तिनं एवढा मोठा श्वास सोडला की मला फोनमध्ये ऐकू आला. त्यानंतर ती बोलायला लागली. परवा मात्र तिनं फोन उचलला नाही. मॅडमना कळवलं, त्यांनी घरी बोलून घेतलं, ती ठीक आहे, झोपली होती म्हणे. आज सोमवार आहे. नऊनंतर पुन्हा लावणार आहे, आणि नाहीच उचलला तर उद्या लावीन.